फ्लोराइड जंतूंची चूल विझवतं, मग पोरांच्या पेस्टमधून ते काढायचं कशाला?

लॅबवाला, अशोक चौक
शुगरचं रक्त ज्या ट्यूबमध्ये घेतात तिचं बूच राखाडी असतं बघा, त्यात सोडियम फ्लोराइड असतं. रक्त काढलं तरी त्यातल्या पेशी साखर खातच राहतात आणि दुपारपर्यंत शुगर होती त्यापेक्षा कमी दिसायला लागते, म्हणून ते घालतात. फ्लोराइड इनोलेज नावाचं एन्झाइम अडवतं. साखर जाळायच्या 10 पायऱ्यांपैकी 9वी पायरी, तिथंच गाडी थांबते.

आता दात किडवणारा जंतू, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, त्याच्यातही हेच एन्झाइम. तो साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतो आणि त्या आम्लानं दात विरघळतो. इनोलेज अडलं की आम्ल कमी होतं, शिवाय त्या पायरीवर पीईपी नावाचा जो पदार्थ तयार होतो तोच वापरून हा जंतू पुढची साखर आत ओढतो, म्हणजे जेवण शिजणं बंद आणि शिधा येणंही बंद. परवा भाच्याची दाढ दाखवायला नेली, वय साडेपाच, दाढेत मसुराएवढं भोक, आणि घरात दोन वर्षं ‘फ्लोराइड नाही’ असं मोठ्या अक्षरात छापलेली पेस्ट. लहान पोराला अशी पेस्ट देणं चूकच आहे, माझं स्पष्ट मत.

बोअरचं पाणी, दक्षिण तालुका
दादा तुम्हाला उजनीचं पाणी येतंय, चार दिवसाआड का होईना. आमच्याकडं वस्तीवर बोअर. माझ्या मोठ्या पोरीचे पुढचे दात पक्के आले तेच खडूनं रेघा मारल्यासारखे, आता त्या रेघा तपकिरी पडायला लागल्यात, फोटो काढायचा म्हटलं की ती ओठ मिटून घेती. पाणी तपासून घेतलं, फ्लोराइड लिटरला 1.9 मिलिग्रॅम. मर्यादा 1, दुसरं पाणीच नसलं तर 1.5 पर्यंत. जे रक्तातल्या पेशींचं काम बंद पाडतं ते पोराच्या तोंडात घाला म्हणताय, आणि इनोलेज तर आपल्या पेशीतही आहेच की ओ!

डेंटलचा शेवटचा वर्ष
लॅबवाले दादा, केमिस्ट्री बरोबर आहे पण वजन चुकीच्या जागी टाकलंय तुम्ही. तुमच्या ट्यूबमधलं फ्लोराइड आणि ब्रश केल्यावर दोन तासांनी लाळेत उरलेलं फ्लोराइड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, लाळेत ते 1 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात एका भागाच्या, खूप खाली जातं. जंतूही गप्प बसत नाहीत, फ्लोराइड पेशीबाहेर फेकणारी प्रथिनं त्यांच्याकडं असतात, ती 2012 मध्ये सापडली. पेस्टचं खरं काम दातावर होतं. साधं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, पीएच 5.5 च्या आसपास विरघळायला लागतं (पीएचचा आकडा जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त), फ्लोराइड बसलेलं 4.5 पर्यंत तग धरतं, आणि विरघळलेलं कॅल्शियम परत बसायलाही ते मदत करतं. जंतू मारतंय म्हणून पेस्ट विकायला लागलो तर लोक गोड खाणं सोडणारच नाहीत, मला त्याची जास्त भीती वाटते.

लॅबवाला, अशोक चौक
दातावरचं काम मोठं, मान्य. पण लाळेचा आकडा धरून जंतूवरचं काम सोडून देऊ नका, जंतू राहतो दातावरच्या चिकट थरात. तिथं फ्लोराइड साठून राहतं आणि पोरगं उसाचा रस प्यालं की तिथलाच पीएच 7 वरून 5 वर येतो. आम्ल वाढलं की फ्लोराइड हायड्रोजनला चिकटून एचएफ होतं, पीएच 7 ला जेवढं त्याच्या जवळपास 100 पट पीएच 5 ला. हे एचएफ जंतूच्या भिंतीतून सहज आत शिरतं, आत आम्ल कमी म्हणून परत फुटतं, फ्लोराइड एन्झाइमला धरतं आणि सुटलेल्या हायड्रोजननं जंतूचं पोट आतूनच आंबतं. आंबलेलं बाहेर टाकायचा पंपही फ्लोराइडनं ढिला पडतो. जंतू जेवढं आम्ल करेल तेवढं स्वतःच्याच अंगावर ओढून घेतो, मला तर हे फार भारी वाटतं.

विडी घरकुल
तुम्ही पेस्टवर भांडताय, माझी आई चाळीस वर्षं विड्या वळती आणि सकाळी मिश्री लावल्याशिवाय चहा घेत नाही. तिला वाटतं त्यानंच दात घट्ट राहतात. हिरड्या सुटल्यात, दोन दाढा गेल्या. पेस्ट आणून ठेवली तर म्हणती तोंडाला फेस नको. तंबाखू सुटायलाच पाहिजे, फ्लोराइडचं नंतर बघू.

डेंटलचा शेवटचा वर्ष
ताई, मिश्री बंद हे आधी, शंभर टक्के. आणि बोअरवाले काका, डाग पडतात ते दात हिरडीच्या आत घडत असताना पोटात गेलेल्या फ्लोराइडनं, साधारण आठव्या वर्षापर्यंत. वरून लावून थुंकलेल्या पेस्टची गोष्ट वेगळी. तीन वर्षांच्या आतलं पोर असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, समोर उभं राहून थुंकायला लावायचं. मोठ्यांनी घासल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, सगळं धुऊन जातं. आपल्याकडं पेस्टमध्ये 1000 पीपीएमच्या वर चालत नाही, आकडा ट्यूबवर छापलेला असतो.

बोअरचं पाणी, दक्षिण तालुका
समोर उभं राहायचं म्हणताय, आम्ही दोघं पहाटेच रानात. धाकटं चार वर्षाचं हाय, स्ट्रॉबेरीची पेस्ट दिली की चाटून गिळतंय, आजी बघती तेवढंच. आमच्या दोघांना फ्लोराइडची पेस्ट आणतो, पटलं मला. धाकट्याला नाही. आधी त्याच्या प्यायला दुसरं पाणी बघतो, गावातल्या फिल्टरचा जार 20 रुपयाला मिळतोय, त्याचंही पाणी उद्या तपासायला देणार हाय.