उन्हाळ्यात माशांच्या जाती वाढतात का?

प्रश्न:
वर्षभर मी नदीच्या एकाच टप्प्यावर दर महिन्याला मासे मोजतेय. ऐन पुरात जाळ्यात ७ जाती आल्या, एप्रिलात डोहात १४. मग उन्हाळ्यात विविधता वाढते असं लिहू का?

प्रतिसाद १:
लिहू नका. पाणी आटलं की सगळे डोहात दाटतात, म्हणून जाळं भरतं. पुरात तेच मासे पसरतात, ओढीत जाळं नीट बसत नाही. जाळ्याचा आस (भोकांचा आकार) आणि किती वेळा टाकलं, हे दरवेळी सारखं होतं का?

प्रतिसाद २:
वरचं बरोबर आहे, पण डोहातल्या त्या १४ जातींची मला काळजी वाटते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात सांडपाणी आलं की पहाटे प्राणवायू अगदीच कमी होतो. मे महिन्यात एकदा सूर्य उगवायच्या आत डोहावर गेलो होतो. शिंगटी पृष्ठभागाला तोंड लावून आ वासत होत्या, आणि मरळ मात्र निवांत! तिला हवेतून श्वास घेता येतो ना. असा एक डोह नासला की पावसाळ्यात पसरायला मासेच उरत नाहीत.

दुसरं म्हणजे वलगण. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. आमच्या नदीवर कमरेएवढाच बंधारा आहे, पण मी तिथे तासभर उभा राहून पाहिलं, एकही मासा पलीकडे गेला नाही. उडी मारायचे, काँक्रीटवर आपटायचे, परत पाण्यात. एक मादी हातात घेतली तर पोट टम्म, जरा दाब पडताच अंडी बोटांवर आली. खाली लोक जाळी लावून बसलेलेच. तिला सोडून दिलं, पण ती जाणार कुठे? मासेमारीबंदी हवीच, पण त्याआधी बंधाऱ्याला माशांसाठी वाट हवी. आणि उन्हाळ्यात डोहातून पंप लावणं थांबायला हवं.

तुमच्या एप्रिलच्या माशांत तिलापिया (बाहेरून आणलेला, इथल्या माशांना मागे सारणारा मासा) किती, तेही वेगळं लिहा. नुसत्या जाती मोजून ते कळत नाही.

प्रश्नकर्ती:
आत्ताच वही काढून पाहिली. एप्रिलच्या २१० माशांत १३२ तिलापिया. आस तोच होता, पण पुरात जाळं दोनदाच टाकलं होतं, एप्रिलात सहा वेळा. तक्ता पुन्हा मांडते. टप्प्याच्या वरच्या अंगाला एक बंधारा आहे, पहिल्या पुराला तिथे जाऊन उभी राहीन.