मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती आणि प्रत्यक्ष प्रवास किती तासांचा?

प्रश्न
माझी आई जूनमध्ये थेट विमानाने मुंबईहून न्यूयॉर्कला एकटी येणार आहे. तिकिटानुसार विमान रात्री २ वाजता सुटून त्याच दिवशी सकाळी ८ वाजता पोहोचते; परतीचे मात्र सकाळी ११ वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता उतरते. तिच्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा चुकवून चालत नाही, म्हणून ती विमानात नेमके किती तास असेल हे मला हवे आहे. शिवाय अंतर तेच असताना जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का पडतो?

प्रतिसाद १
ताई, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते (हिवाळ्यात साडेदहा). जातानाच्या सहा तासांत साडेनऊ मिळवले की साडेपंधरा होतात, आणि येतानाच्या चोविसांतून साडेनऊ वजा केले की साडेचौदा उरतात. आईंचे मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. न्यूयॉर्कला उतरताना त्यात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून याच तासांच्या हिशेबाने लिहून घ्यावे.

प्रतिसाद २
अंतराबद्दल सांगतो. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसते, पण पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरलात तर तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे आणि आइसलँडवरून जातो, आणि हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. प्रत्यक्षात विमान याहून जास्त उडते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांना वळसा घ्यावा लागला.
वेळेतला फरक वाऱ्यामुळे पडतो. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते बहुतेक वेळ समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. हा परिणाम किती मोठा आहे ते दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर दिसले: ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने जातानाचे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे वारा पाठीशी घेऊन नेले, तेव्हा अंतर हजाराहून अधिक किलोमीटरने वाढले आणि तरीही प्रवासाचा वेळ कमी झाला.

प्रतिसाद ३
तिकिटावरचा काळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीच्या रांगेतली मिनिटे त्यातच धरलेली असतात. उतरल्यावरची पारपत्र तपासणी मात्र त्यात नसते, म्हणून एक डोस आणि खाऊचा डबा हातातल्या पिशवीत वेगळा ठेवावा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. मुलीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तो खरोखरच आइसलँडवरून गेला. आईला फोनवर साडेपंधरा तास सांगितले आहेत आणि घड्याळाला हात लावायचा नाही, असे आमचे ठरले आहे.