करार ठीक, पण मूळ माल कुठला?
दोन-चार खंडांशी व्यापार करार केले की औषधांचा तुटवडा मिटेल, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. टॅरिफ (आयात कर) उतरेल, कारखान्यांच्या तपासणीचे एकमेकांचे रिपोर्ट चालतील, पण मूळ माल कुठून येतो ते कोण बघणार? हेपरिनच घ्या, डायलिसिसला रक्त गोठू नये म्हणून देतात ते. बनतं डुकराच्या आतड्यापासून, आणि जगातली जवळपास निम्मी डुकरं एकट्या चीनमध्ये. 2008 मध्ये तिथून आलेल्या मालात भेसळ निघाली, नेहमीच्या टेस्टमध्ये चक्क हेपरिनसारखीच दिसायची, अमेरिकेत माणसं दगावली. मग 2018 ला चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग आला आणि कळपच्या कळप साफ! इंजेक्शन भरणारे कारखाने पाच देशांत असून काय उपयोग मग, आतडं एकाच ठिकाणचं. म्हणून तर एफडीए, म्हणजे अमेरिकेची औषधांवर देखरेख करणारी संस्था, गुरांपासूनचं हेपरिन परत आणा म्हणतंय (मॅड काऊ या गुरांच्या रोगाच्या भीतीने अमेरिकेत बंद झालेलं), ब्राझील-अर्जेंटिनात ते वापरतातच, तेव्हा करार करायचाच तर अशांशी करा ना.