मदत हवी आहे: वर्गातल्या बाहुलीला पोरं मारतात, सोमवारच्या आत काहीतरी सुचवा

ऐरोलीची_ताई: नमस्कार मंडळी. वर्गासाठी हातात घालायची बाहुली केलीय, नाव पिंट्या. मुलांनी एकमेकांशी नीट वागावं, सगळ्यांना खेळात घ्यावं एवढाच हेतू. पहिले दोन दिवस मस्त गेले. आता पिंट्याला पिशवीतून काढलं की पोरं आधी त्याचा कान ओढतात मग खी खी हसतात, काल तर एकाने फटका मारला आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी पालकसभा आहे आणि मोठ्या बाईंना "बघाच कसा फरक पडतो" असं मीच छातीठोकपणे सांगून बसलेय. 'धीर धरा' सोडून काहीही सुचवा, प्लीज.

खाडीकाठ: वय काय मुलांचं? किती जण आहेत? बाहुलीचं तोंड उघडतं का? काहीच लिहिलं नाहीये, अंदाजपंचे काय सांगणार.

ऐरोलीची_ताई: ज्युनिअर केजी हो, २८ मुलं. तोंड उघडतं, मोज्याचं केलंय. 

घंटाळीकर: आवाज कसा काढता? ओठ हलले की पोरांना लगेच कळतं आणि बाहुलीचा धाक संपतो. रामदास पाध्यांचा अर्धवटराव आठवा, समोरचा माणूस त्यालाच उत्तर द्यायचा. रोज आरशासमोर १५ मिनिटं प्रॅक्टिस करा, प, ब, म टाळून वाक्यं बनवा. (आता नावच पिंट्या ठेवलंय म्हणजे सुरुवातच प ने, असो.)
अवांतर: वाशीचं नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे त्या विष्णुदास भाव्यांनीही लाकडी बाहुल्या केल्या होत्या. 

बालवाडीवाली_आजी: धाक कशाला हवाय पण? मी २२ वर्षं बालवाडी चालवली, एकदाही आवाज काढला नाही. बाहुलीला मांडीवर बसवायचं, ती आपल्या कानात कुजबुजते, आपण मुलांना सांगायचं, "अगंबाई, हा म्हणतोय काल झोपाळ्यावर याला कुणी घेतलंच नाही." मग मुलांनाच विचारायचं, आता याने काय करावं? चार वर्षांचं पोर असं काय काय सांगतं की आपण गप्प बसतो. अमेरिकेत याला पर्सोना डॉल म्हणतात, १९८० च्या दशकापासून चाललंय. नियम दोनच, बाहुलीचं घर, आईबाबा, भीती एकदा ठरली की बदलायची नाही आणि खेळण्यांच्या टोपलीत तिला टाकायचं नाही.

घंटाळीकर: कुजबुजीने २८ पोरं शांत बसतात? आजी, तुमच्या वेळी मोबाइल नव्हते.

बालवाडीवाली_आजी: तुम्ही शेवटचे वर्गात कधी बसला होता?

नेरूळचा_नाना: आमच्या वेळी दोन धपाटे घातले की स्वीकार वगैरे सगळं आपोआप यायचं.

खाडीकाठ: नाना, फटका मारू नये हे फटका मारून शिकवायचं का 😀 बरं ताई, एक विचारायचं राहिलं. कानच का ओढतात? नाक का नाही?

ऐरोलीची_ताई: कानाला मशीन लावलंय ना. जुन्या इअरफोनचं बोंडूक शिवलंय. वर्गात जूनपासून एक मुलगा आलाय त्याला श्रवणयंत्र आहे, म्हणून तर पिंट्या केला. आता त्यालाच सगळे पिंट्या म्हणतात, परवा त्याचंही यंत्र ओढलं.

खाडीकाठ: अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!!

कळव्याची_शमा: माझ्या लेकाला दोन्ही कानांना यंत्र आहे, आता सहावीत आहे. ताई, राग मानू नका, पण वर्गात ज्याच्याकडे जे आहे तेच बाहुलीला लावलं की ती बाहुली म्हणजे तोच होतो. सगळ्यांसमोर बोट त्याच्याकडेच जातं. आणि त्याचं यंत्र ओढून हसण्याचं कारण शिट्टी असेल. यंत्राजवळ हात नेला की बाहेर आलेला आवाज परत माइकात शिरतो आणि कुईईई वाजतं. पोरांना वाटतं भारी खेळणं आहे. कानातला साचा सैल असला तर जास्त वाजतं, या वयात कान वाढतो, साचा बदलायला झालाय का ते त्याच्या आईला विचारा.

ऐरोलीची_ताई: मी चांगल्या मनानेच केलं होतं. ठीक आहे, उद्याच पिंट्या बंद. गावाला गेला म्हणून सांगते.

बालवाडीवाली_आजी: अजिबात नको! चिडवलं त्यालाच वर्गातून जावं लागलं, हेच शिकतील पोरं. मशीनही उपटू नका. पिंट्याला राहू दे, पण त्याचं दुसरं काहीतरी सांगा, त्याला अंधाराची भीती वाटते, भेंडी आवडत नाही, भाऊ त्याची सायकल देत नाही. पंधरा दिवस कानाचा विषयच काढू नका. आणि फटका बसला की हसण्यावारी न नेता बाहुली छातीशी धरायची, थांबायचं, "लागलं त्याला." बस.

घंटाळीकर: छातीशी धरायचं पटलं. आवाजाचं माझं मत कायम.

मुलुंड_चेकनाका: श्रवणयंत्रासाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे तपासणी होते. केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेतून यंत्रही मिळतं, उत्पन्नाचा दाखला लागतो.

कळव्याची_शमा: यंत्र आहे त्याच्याकडे, प्रश्न तो नाहीये.

मुलुंड_चेकनाका: प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ऐरोलीची_ताई: त्याच्या आईशी आत्ताच फोनवर बोलले. साचा एप्रिलपासून सैलच आहे म्हणाली. आणि घरी तो स्वतः पिंट्याची नक्कल करतो, भेंडी ताटाबाहेर ढकलतो. भेंडीचं तुम्ही कसं ओळखलंत आजी?

बालवाडीवाली_आजी: २२ वर्षं डबे उघडून दिलेत गं.

नेरूळचा_नाना: पालकसभेत काय सांगणार पण?

ऐरोलीची_ताई: तेच सुचत नाहीये. जे झालं तेच सांगेन बहुतेक. आणि पिंट्याचे केस निघालेत ओढून ओढून, ठाण्यात गावदेवीला जाडी लोकर मिळेल का रविवारी?