मोपाहून दिल्लीमार्गे लेह: सायकल विमानाने न्यायची आहे, पॅकिंग कसं करावं?

माणगाखोरे

जुलैअखेरीस मोपाहून (गोव्यातला विमानतळ) दिल्ली आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीहून लेह असं जायचं आहे. तिकिटं दोन वेगवेगळी आहेत. राहायला कुडाळजवळ. सायकल हायब्रिड, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, ७००×३५ टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, दोन्ही चाकांना क्विक रिलीज (हाताच्या खटक्याने सुटणारी सळी). कॅरियर आणि मडगार्डसकट वजन १४ किलो.

पुठ्ठ्याचा खोका बरा की पॅडवाली बॅग? काय काय सोडवावं लागतं? टायरमधली हवा पूर्ण काढा असं सगळे सांगतात, ते खरंच गरजेचं आहे का? आणि या पावसात पुठ्ठा मोपापर्यंत सुका कसा पोचवायचा? पॅकिंग घरीच करणार आहे. साधी हत्यारं आहेत, दुकानातला स्टँड नाही.

---

साधा पाना

खोका की बॅग हे नंतर. आधी आज संध्याकाळीच पेडल सुटतात का ते बघा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पेडलचा स्टीलचा दांडा अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये (पेडल बसतं ती दांडी) धरून बसतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचा ओलावा, मग सांधा गंजून एकजीव होतो. असं पेडल प्रवासाच्या आदल्या रात्री सोडवायला घेतलं की जोर जास्त लागतो, पाना घसरतो आणि क्रँकचे आटे जातात. सीटपोस्टचीही तीच गत. म्हणून आठ दिवस आधी दोन्ही सोडवा, पुसा, ग्रीसचा पातळ थर लावा आणि परत बसवा. मच्छीमार बोटींच्या शाफ्टला पाण्यात न धुपणारं ग्रीस लावतात, ते मिळालं तर उत्तम. फक्त कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस लावू नका, त्याची पेस्ट वेगळी मिळते.

पेडलला १५ मिमीचा पाना लागतो. काहींना आतल्या बाजूने ६ किंवा ८ मिमीची एलन की (षटकोनी की). डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि तिथेच लोक चुकून अजून आवळत बसतात. सायकल चाकांवर उभी ठेवा, पाना वरच्या दिशेला उभा राहील असा अडकवा आणि मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंना सोडवायची दिशा हीच. नाहीच हलत, तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी पान्यावर लांब पाइप चढवून सावकाश जोर द्या.

आता खोका. तुमच्या बेताला मी पुठ्ठ्याचा खोकाच घेईन. मऊ बॅग हलकी असते, पावसात टिकते, पण बाजूने दाब आला की तिला स्वतःचा कणा नसतो. शिवाय सायकल चालवत असताना ती सांभाळायची कुठे? खोका लेहच्या गेस्ट हाउसमध्ये ठेवता येतो, आणि फाटलाच तर तिथल्या सायकलीच्या दुकानांत दुसरा विचारता येतो. कुडाळ-सावंतवाडीच्या दुकानदाराला आत्ताच सांगून ठेवा, कारण नवी सायकल उघडली की खोका रद्दीत जातो. मोठ्या माणसाच्या सायकलचा, साधारण १४० × ८० × २० सेंमीचा हवा, निदान ५ प्लायचा (पाच थरांचा). मुलांच्या सायकलचा घेऊ नका, मागचं चाक बसवलेलं असताना फ्रेम त्यात मावत नाही.

पॅकिंगचा क्रम:

चेन मागे सगळ्यात छोट्या दातेरी चकतीवर आणा. सीटपोस्टची उंची आणि हँडलचा कोन इन्सुलेशन टेपने खुणावून ठेवा. मडगार्ड आणि कॅरियर काढा, त्यांचे स्क्रू जागच्या जागी परत फिरवून ठेवले तर हरवत नाहीत. पेडल, सीटपोस्ट आणि पुढचं चाक काढा. दोन्ही क्विक रिलीजच्या सळ्या बाहेर ओढून पिशवीत टाका, नाहीतर त्यांची टोकं पुठ्ठ्यातून बाहेर येतात. त्यांच्या छोट्या शंकूसारख्या स्प्रिंगाही मोजून ठेवा, प्रत्येक सळीला दोन असतात. सळी काढली तरी मागचं चाक ड्रॉपआउटमधल्या (फ्रेमला चाकाचा आस बसतो ती जागा) खाचेत टेकून राहतं, पण उचलताना निसटतं. ते झिप टायने चेनस्टेला (पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) बांधा.

हँडलसाठी स्टेमचं (हँडल धरणारा तुकडा) पुढचं झाकण तेवढं उघडा, चार बोल्ट, ४ किंवा ५ मिमी एलन. फोर्कवर (पुढचं चाक धरणारा चिमटा) स्टेम आवळणारे बाजूचे बोल्ट आणि वरची टोपी यांना हात लावू नका. ते सुटले की फोर्क खाली सरकतो, बेअरिंग उघडी पडतात आणि लेहला पोचल्यावर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) नव्याने जुळवत बसावं लागतं. सुटलेलं हँडल वरच्या नळीला समांतर बांधा. केबल आणि ब्रेकची होज दुमडली जात नाही ना, ते बघा.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणारा भाग) हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा. तो मुद्दामच मऊ धातूचा असतो, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. खोका उजव्या कुशीवर पडला की धक्का तिथेच बसतो. ५ मिमी एलनने डिरेलर हँगरवरून सोडवा, केबल आणि चेन तशीच ठेवून बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला झिप टायने बांधा. परत बसवताना आटे आधी हाताने धरवा, मगच की लावा, कारण हँगरचे आटे वाकडे गेले तर हँगर बाद. सोबत एक जादा हँगर न्याच. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, लेहमध्ये ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

---

खाडीपलीकडे

वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टी जोडतो.

पहिली, दाबाची. खोका उभा राहील असं धरून चालू नका. विमानाच्या पोटात तो आडवा पडतो आणि वर इतरांच्या बॅगा येतात. म्हणून आत टेकू लागतात. पीव्हीसीच्या पाइपचे ४ तुकडे खोक्याच्या आतल्या रुंदीएवढेच कापा आणि दोन्ही भिंतींच्या मध्ये आडवे बसवा: दोन तुकडे फ्रेमच्या मुख्य त्रिकोणात, एक पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून, एक मागच्या चाकाजवळ. तोंडांना पुठ्ठ्याच्या चकत्या चिकटवा, नाहीतर पाइपच भोक पाडतो. बाहेरून झिप टाय ओवून जागेवर बांधून टाका. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठीचे तुकडेही चालतात.

फोर्कच्या दोन पायांमध्ये प्लास्टिकचा स्पेसर घाला. सायकलच्या दुकानात तो नव्या सायकलबरोबर आलेला पडून असतो. तुमच्या क्विक रिलीजच्या फोर्कला १०० मिमीचा. तो नसेल तर बाजूचा दाब फोर्कचे पाय आत ढकलतो. चेनरिंगच्या (पेडलजवळची दातेरी चकती) खाली पुठ्ठ्याचे तीन-चार थर ठेवा, क्रँक चेनस्टेला समांतर करून बांधा. फ्रेमच्या नळ्यांना एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी चिरून घाला. ती स्वस्त मिळते आणि जागची हलत नाही.

डिस्क ब्रेक असल्याने पुढचं चाक काढल्याबरोबर कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड असतात तो भाग) पॅड स्पेसर घालाच. नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी. रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) नसताना चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि रोटर आत जात नाही. पुढचा रोटर काढून सपाट पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवावा. सहा बोल्टांचा असेल तर टी२५ टॉर्क्स (तारेच्या टोकाची की) लागतो. वाकलेला रोटर रस्त्यावर सरळ करणं फार त्रासाचं. त्याला ग्रीसचा हात लावू नका.

दुसरी गोष्ट पाऊस. पुठ्ठा भिजला की त्याची ताकद जाते, आणि तो घरापासून मोपापर्यंतच नाही, धावपट्टीच्या बाजूला ट्रॉलीवर उभा असतानाही भिजतो. बाहेरून प्लास्टिक गुंडाळून भागत नाही, कारण तपासणीला ते फाडतात. म्हणून दोन थर करा. आत सायकल मोठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत. खोक्याच्या तळाला आणि खालच्या कडांना बाहेरून ब्राउन टेपचे एकावर एक चढणारे पट्टे, कारण खोका पाण्यात उभा राहतो तो तळावर. घरापासून मोपापर्यंत बंद गाडी बघा, मागची सीट पाडलेल्या ईकोत १४० सेंमीचा खोका तिरका मावतो. छोटा हत्ती केलात तर ताडपत्री खोक्याच्या खालूनही घ्या, हौद्यात पाणी साचतं. पिशवी बंद करताना सायकल पूर्ण कोरडी हवी. ओली सायकल प्लास्टिकमध्ये दोन दिवस राहिली तर चेन लाल होऊनच बाहेर येते.

---

घाटवाट

हवेचं उत्तर देतो. टायर फुटत नाही. सामानाचा कप्पा प्रवाशांच्या केबिनइतकाच दाबाखाली असतो, म्हणजे फार तर ८,००० फूट उंचीवरच्या हवेएवढा. जमिनीच्या तुलनेत टायरवर ताण वाढतो तो जेमतेम ४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे हा फरक साधारण ५ होतो. तरीही काउंटरवर हवा काढली का हे विचारतात, म्हणून कमी करा, पण सपाट करू नका. १५ ते २० पीएसआय ठेवा. पूर्ण रिकाम्या टायरमध्ये रिमला आधार उरत नाही, खोका कडेवर आपटला की मार थेट रिमला. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेलं) टायर असेल तर सपाट केल्यावर टायरची कड रिमवरून सुटते आणि छोट्या पंपाने परत बसत नाही.

वजनाचा हिशोब आधी करा. सायकल १४, खोका आणि भरण मिळून ३-४, म्हणजे १८ च्या आसपास. देशांतर्गत स्वस्त तिकिटांवर बहुधा १५ किलोच असतात, आणि खोका नेहमीच्या मापापेक्षा मोठा असल्याने काही कंपन्या खेळाच्या सामानाचे पैसे वेगळे घेतात. दोन्ही कंपन्यांना फोन करून खोक्याची मापं आणि वजन सांगा, उत्तर ईमेलवर मागवा, त्याची छापील प्रत सोबत ठेवा. काउंटरवरच्या माणसाला नियम माहीत नसेल तर तोच कागद कामाला येतो. खोक्यात कपडे कोंबायचा मोह टाळा, स्लीपिंग बॅग तेवढी भरण म्हणून घाला.

तिकिटं वेगळी असल्याने दिल्लीला खोका स्वतः ताब्यात घेऊन दुसऱ्या दिवशी परत द्यावा लागेल. रात्रीची सोय ठरवताना मोठ्या गाडीचा खर्च धरा. लेहहून परतताना आणखी एक लक्षात ठेवा: विरळ हवेत विमान कमी वजन घेऊन उडतं, त्यामुळे जादा सामान मागे राहू शकतं. परतीच्या दिवशीच पुढची ट्रेन किंवा विमान धरू नका.

पॉवर बँक आणि लिथियम बॅटरीचे सुटे दिवे हातातल्या बॅगेत, खोक्यात नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते, १०० च्या आत आहे. मल्टिटूल, पाने, टायर लिव्हर मात्र खोक्यात, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. पेट्रोलियमचे स्प्रे कॅन, गंज सोडवणाऱ्या स्प्रेसकट, घरीच ठेवा.

---

माणगाखोरे

सगळ्यांचे आभार. आज पेडल बघितले: उजवं सुटलं, डावं स्प्रे मारून ठेवलंय. दोन शंका. हवा भरायला सीओटू कार्ट्रिज नेली तर? आणि तपासणीला खोका उघडायला लावला तर परत बंद कसा करायचा, कात्री तर केबिनमध्ये चालत नाही?

---

साधा पाना

कार्ट्रिज नको. दाबाखालच्या गॅसच्या नळकांड्यांना कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि तपासणीत त्यांच्यावरूनच खोका अडतो. ३० ग्रॅमच्या वाचवलेल्या वजनासाठी हा घोळ कशाला? गेज असलेला छोटा फ्रेम पंप न्या.

खोक्याची वरची बाजू घरी पक्की बंद करू नका. मधल्या फटीवर टेपची एकच पट्टी लावून न्या आणि हाताने फाटणाऱ्या कापडी टेपचा रोल हातात ठेवा, कात्री लागतच नाही. तपासणी झाली की तिथेच आडवे तीन पट्टे मारा. सुट्या भागांची पिशवी फ्रेमलाच बांधलेली असू द्या, खोक्याच्या हात घालायच्या भोकांतून स्क्रू बाहेर पडतात. ती भोकं आतून चिकटवून टाका.

लेहला मोठे नग बहुधा पट्ट्यावर येत नाहीत, बाजूला आणून ठेवतात. खोका दबलेला किंवा फाटलेला दिसला तर हॉलबाहेर पडायच्या आधीच उघडा, फोटो काढा आणि कंपनीच्या काउंटरवर नुकसानीचा लेखी रिपोर्ट घ्या. बाहेर पडल्यावर नुकसान कधी झालं हे सिद्ध करता येत नाही. आणि डावं पेडल उद्याही सुटलं नाही तर पाइप लावून झटका देऊ नका, क्रँकसकट दुकानात न्या.