पोलीस भरती: मैदान, लेखी आणि यादी – तुमचे अनुभव लिहा

खारीगावची मावशी
माझा भाचा चार वर्षं आमच्याकडे राहून पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेचारला दाराची कडी वाजली की समजायचं, हा खाडीपूल ओलांडून साकेतकडे पळायला निघाला. परवा जेवताना त्याने विचारलं, "मावशी, 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत काढलं की 20 पैकी 20. पण त्याने मी चांगला पोलीस होईन का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा धागा. तुम्ही स्वतः भरती दिली असेल, लागला असाल, राहिला असाल, घरात कोणी खात्यात असेल, तर लिहा. गुणांच्या यादीवर माणूस घेण्याची ही पद्धत तुम्हाला कशी भेटली? फक्त ठाणे-नवी मुंबईकरांनीच लिहावं असं नाही, पण इथलं वाचायला जास्त आवडेल.

किन्हवलीची
मावशी, मी खात्यात आहे, म्हणून घटकाचं (म्हणजे कुठल्या जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात ते) नाव लिहीत नाही. वडील भिवंडीकडच्या वीटभट्टीवर कामाला, घरात सरकारी नोकरी कोणाचीच नाही. 2023 च्या मैदानात 800 मीटर मी 2 मिनिटं 56 सेकंदांत काढलं, 18 गुण. त्याच आठवड्यात ओळखीतला एकजण वडिलांकडे आला. "एवढे द्या, मुलीचं काम होऊन जाईल." वडील भाताचं शेत काढायच्या विचारात होते. मी रडून थांबवलं.

यादी लागली ती मोबाइलवर उघडली. चेस्ट नंबर (मैदानात छातीवर लावतात तो), मैदानी, लेखी, एकूण, प्रवर्ग, सगळे रकाने उघडे. माझ्या वर कोण, खाली कोण, किती गुणांनी, सगळं दिसत होतं. वडिलांना अक्षरं नीट लागत नाहीत, पण आकडे लागतात. त्यांनी बोट ठेवून माझी ओळ तीनदा वाचली. त्या माणसाला पैसे दिले असते तरी मी लागलेच असते, आणि तो जन्मभर म्हणाला असता की मीच लावलं. हे लोक असंच करतात. दहा जणांकडून घेतात, जे स्वतःच्या गुणांवर लागतात त्यांचे ठेवतात, बाकीच्यांना टोलवत राहतात. यादी बघून वडिलांना कळलं, शेत उगाच गेलं असतं.

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही खरं विचारलंय. नेमणुकीनंतरच्या पहिल्याच महिन्यात रात्री अकराला एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली. ओठ फुटलेला. मला विभक्तीचे प्रत्यय पाठ होते, शेकडेवारी तोंडपाठ होती. त्या बाईशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते येत नव्हतं. आमच्या हवालदार ताईंनी काही न विचारता आधी लेकराला बिस्किट दिलं आणि बाईच्या शेजारी बसल्या. दहा मिनिटांनी बाई आपणहून बोलायला लागली. हे कुठल्या पेपरात विचारणार?

शहाण्णवचा
माझा अनुभव कडू आहे. 2019 च्या जाहिरातीला अर्ज भरला तेव्हा मी 23 वर्षांचा होतो. लेखी झाली 2021 मध्ये. मधे कोरोना होता हे मान्य, पण पळणाऱ्या माणसाची दोन वर्षं म्हणजे काय ते पळणाऱ्यालाच कळतं. शिवाय नियम फिरले. आधी मैदान 100 गुणांचं, त्यात लांब उडी आणि पुलअप्स. मग मैदान 50 वर आलं आणि लेखी आधी ठेवली, म्हणून मी मैदान बाजूला ठेवून पुस्तकं धरली. 2022 च्या भरतीला पुन्हा मैदान आधी, आणि त्यातून एका जागेला दहा जण लेखीला. तोवर माझा गुडघा गेला होता.

खुल्या प्रवर्गाला वयाची अट 28. शेवटच्या संधीला 2024 मध्ये एका गुणाने राहिलो. कोणाचाही वशिला माझ्या आड आला नाही, हे मी शपथेवर सांगेन. मला हरवलं ते तारखांनी. यूपीएससीचं वर्षाचं वेळापत्रक आधी हातात येतं. शिपायाच्या भरतीला का नसावं? जाहिरात केव्हा निघेल हे ठाऊक नसताना पोरं कॉट बेसिसवर (खोलीत नुसती एक खाट भाड्याने घेऊन) तीन-तीन वर्षं काढतात, दुसरी नोकरी धरत नाहीत. आज मी रबाळ्याच्या एमआयडीसीत स्टोअर बघतो. पहाटेची सवय सुटलेली नाही.

साकेतचे काका (निवृत्त हवालदार)
मी भरती झालो तेव्हा सगळं एका दिवसात उरकायचं. साहेब रांगेसमोरून चालत, छाती मोजत, दोन प्रश्न विचारत, डोळ्यांत बघत. "गावात भांडण झालं तर काय करशील?" हा मला विचारलेला प्रश्न. आता तोंडी परीक्षा नाही, म्हणून असा प्रश्नही कोणी विचारत नाही. पण माझ्या शेजारी उभा असलेला पोरगा माझ्यापेक्षा चपळ होता, त्याला बाजूला केलं आणि खिशात चिठ्ठी घेऊन आलेल्याला आत घेतलं, हेही मी या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मुलाखत परत आणा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. साहेबाची नजर चांगली असेलही, पण त्या नजरेला गुण द्यायला लावले की टेलिफोन वाजतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. पोरगा भरतीने घ्या, पण पारखा प्रशिक्षणात. त्यानंतर परिविक्षेचा, म्हणजे नोकरी कायम होण्याआधी पारखण्याचा काळ असतो, तो कशासाठी आहे? दारू पिऊन ड्युटीवर येणारा, रांगेत बायकांशी उर्मटपणे बोलणारा त्या काळातच कळतो. पण शेरा लिहायला कोणी धजत नाही. पोराने एवढ्या मेहनतीने नोकरी मिळवली, आपण कशाला पोटावर पाय द्या, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. एकदा मी गप्प बसलो, आणि पुढे तोच माणूस एका गरीब फेरीवाल्याला मारल्याच्या चौकशीत सापडला. ते माझ्या मनातून जात नाही.

एकदा कायम झाला की संविधानाचं कलम 311 आड येतं. चौकशी केल्याशिवाय काढता येत नाही. हे संरक्षण हवंच, नाहीतर पुढाऱ्याचं ऐकलं नाही म्हणून उद्या शिपाई घरी बसेल. पण चौकशी वर्षानुवर्षं चालली तर वाईटाला तेच कवच होतं.

ऐरोलीचे गणितवाले सर
अकॅडमीत शिकवतो. 2024 मध्ये 17,471 जागांना 17 लाखांहून जास्त अर्ज होते. म्हणजे एका जागेमागे जवळजवळ शंभर. एवढ्या गर्दीत परीक्षा निवडण्यापेक्षा गाळण्याचंच काम करते. लेखी 100 गुणांची, वेळ 90 मिनिटं: गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्यज्ञान. एका गुणावर ढीगभर पोरं अडकलेली असतात. काळ-काम-वेगाचं एक उदाहरण चुकलं की शहाण्णव म्हणतोय तसं होतं. त्याच्यात आणि लागलेल्यात पोलीस म्हणून काय फरक होता? काही नाही.

तरी चोरी करणाऱ्यांनाही ही परीक्षा सहज फोडता येत नाही. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या लेखीत एका उमेदवाराने मास्कमध्ये लपवून आणलेलं यंत्र झडतीत सापडलं होतं. माझ्या मते पेपरात प्रसंगांवरचे प्रश्न यावेत: रस्त्यावर अपघात झालाय, जमाव भडकलाय, पहिलं काय कराल? त्यालाही चार पर्याय देता येतात, आणि तपासणाऱ्याच्या मर्जीवर काही राहत नाही.

कोपरीकर
माझा भाऊ राज्य सुरक्षा महामंडळात आहे, म्हणजे सरकारी कार्यालयांना वगैरे सुरक्षा जवान पुरवणाऱ्या महामंडळात. 2023 मध्ये मुंबई पोलिसांसाठी तिथून 3,000 जवान 11 महिन्यांसाठी घ्यायचा निर्णय झाला, तेव्हा आमच्या घरात मोठा वाद झाला. भाऊ म्हणत होता, भरती पूर्ण व्हायला वेळ लागतो, तोवर बंदोबस्त कोण करणार? आई म्हणाली, ज्याची नोकरी अकराव्या महिन्यात संपते तो कोणाला नाही म्हणू शकेल का? मला आईचं पटलं. भरतीला उशीर लागतो ही खोट खरी, पण तिच्यावर कंत्राट हा उपाय नव्हे.

घणसोलीहून एक
भरतीच्या अर्जात आधी स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय होते. डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितल्यावर तृतीयपंथीयांसाठी तिसरा पर्याय आला. माझ्या मैत्रिणीने त्या रकान्यावर टिचकी मारली तेव्हा मी शेजारी होते. ती मैदानात राहिली, ते ठीक. नियमाने चालणारी भरती होती म्हणून नियम बदला असं न्यायालयात सांगता तरी आलं. एखाद्या साहेबाच्या मर्जीविरुद्ध कुठे गेलो असतो?

दिवा जंक्शन
एवढंच लिहायचंय की गावाकडून येणाऱ्या पोरांची सोय करा. एका घटकाच्या मैदानीच्या आदल्या रात्री माझा मुलगा पुलाखाली पावसात बसून होता, पहाटे पाचला रांगेत. त्या पायांनी तो 1600 मीटर पळाला. घड्याळ सगळ्यांना सारखं होतं, रात्र सारखी नव्हती.

किन्हवलीची
दिवा काका, हे वाचून गलबललं. मी आत्याकडे कळव्याला झोपून मैदानाला गेले होते. ते 18 गुण थोडे आत्याचेही आहेत.

खारीगावची मावशी
सगळं भाच्याला वाचून दाखवलं. काकांचं लिहिलेलं त्याने पुन्हा वाचायला लावलं. दिवाकाका, पुढच्या मैदानीला तुमच्या गावचं कोणी असेल तर आमच्याकडे दोन गाद्या जास्तीच्या आहेत, मला व्यक्तिगत निरोप करा. भाच्याचा गोळा साडेसातच्या पुढे जात नाहीये, पूर्ण गुणांना साडेआठ मीटर लागतात. कोणी शिकवणारं आहे का जवळपास?

साकेतचे काका (निवृत्त हवालदार)
रविवारी सहाला पाठवा त्याला. गोळा मानेला टेकवून धरतो का, ते आधी बघू. आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला लागत असेल तर तो आत्ताच काढायला सांगा, जाहिरातीची वाट बघू नका.