विषय: क्रिमिनल जस्टिसची ऑनलाइन डिग्री, कुणाला अनुभव आहे का?

मेधा, एडिसन (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या ईमेलांच्या गर्दीत माझी ही घरगुती अडचण. आमच्या इराने (वय १९) प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे कोर्टाने तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारा अधिकारी, व्हायचं डोक्यात घेतलंय. तिच्या बाबांनी आधी "म्हणजे पोलीस?" असं विचारलं आणि मग दोन दिवस काही विचारलंच नाही.

दिवसा ती फार्मसीत काम करते, म्हणून डिग्री ऑनलाइनच हवी. तिने एका साइटवर फॉर्म भरला आणि तेव्हापासून फोन थांबत नाहीत. परवा मी वरणाला फोडणी देत होते तेव्हा दिवसातला पाचवा फोन. मोहरी जळली. फोनवाला म्हणाला, क्रेडिटला (म्हणजे अभ्यासाच्या एका एककाला) ३९० डॉलर, १८ महिन्यांत डिग्री, शुक्रवारच्या आत सही केली तर अर्जाची फी माफ. कॉलेज "नॅशनली अ‍ॅक्रेडिटेड" आहे म्हणे, म्हणजे राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेलं; बाकी कॉलेजं "रीजनल" मान्यतेची असतात. नॅशनल म्हणजे रीजनलपेक्षा वरचंच ना? पैसे बेताचे आहेत, खोटं कशाला बोलू. कुणाला कळत असेल तर सांगा.

श्रीकांत

कॉम्प्युटर सायन्स का नको? सहज विचारतोय.

मेधा

श्रीकांतदादा, ते घरात विचारून झालंय. तीनदा.

अनघा

मेधाताई, सही करू नका. मी एका कॉलेजच्या ट्रान्स्फर ऑफिसात बसते, दुसरीकडून आलेल्या मार्कलिस्टा तपासणं हेच माझं काम. तुमच्या प्रश्नातच सगळी मेख आहे.

भारतात राज्य पातळीपेक्षा राष्ट्रीय पातळी मोठी, म्हणून प्रत्येक मराठी आईबाप इथे फसतात. अमेरिकेत वर्षानुवर्षं उलटं होतं. रटगर्स, पेन स्टेट, हार्वर्ड ही सगळी "रीजनल"वाली. "नॅशनल" शिक्का बहुतेक धंदेशिक्षणाच्या, नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजांकडे असायचा. २०२० मध्ये शिक्षण खात्याने हा भेद कागदावरून काढून टाकला, पण क्रेडिट घेणाऱ्या कॉलेजांच्या सवयी कागदाने बदलत नाहीत. आपल्या भागात नाव बघायचं ते मिडल स्टेट्स या मान्यता देणाऱ्या संस्थेचं. फोनवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, शिक्षण खात्याची मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी फुकट बघता येते, तिथे कॉलेजचं नाव टाका.

आणि मान्यता देणाऱ्याचीच मान्यता जाते, हेही बघून झालंय. आयटीटी टेक ही नफ्यावर चालणारी कॉलेजांची साखळी, सप्टेंबर २०१६ मध्ये एका झटक्यात बंद पडलं. तिथे क्रिमिनल जस्टिसही शिकवायचे. त्याला मान्यता देणाऱ्या एसीआयसीएस या संस्थेची सरकारी मान्यता शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये गेली. त्याच महिन्यात सरकारने आयटीटीच्या २ लाख ८ हजार विद्यार्थ्यांचं ३.९ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. कर्ज माफ झालं, वर्षं कोण परत देणार? माझ्या सख्ख्या भाच्याचे एका दुसऱ्या कॉलेजात ४१ क्रेडिट बुडाले (नाव लिहीत नाही). त्याची मार्कलिस्ट आमच्याच ऑफिसात आली आणि मलाच "शून्य" लिहावं लागलं.

आता १८ महिन्यांचं. बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट लागतात, पूर्णवेळ पोरं सेमिस्टरला १५ करतात. नोकरी करून दीड वर्षात १२०? १८ महिन्यांत होते ती बहुधा ६० क्रेडिटची असोसिएट, म्हणजे बॅचलर्सच्या अर्ध्यावरची डिग्री. आणि १२० गुणिले ३९० म्हणजे ४६,८०० डॉलर, वर टेक्नॉलॉजी फी वेगळी. याला स्वस्त कोण म्हणेल?

स्वस्त रस्ता आपल्या दाराशी आहे. पहिले ६० क्रेडिट काउंटी कॉलेजात (जिल्ह्याच्या सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात) घ्यायचे, बरेच विषय ऑनलाइन असतात आणि दर त्या ३९० च्या निम्म्याहून कमी. घरचं उत्पन्न ६५ हजारांच्या आत असेल तर न्यू जर्सीत शिकवणीची फी माफ होऊ शकते. मग राज्याच्या ट्रान्स्फर करारावर सरकारी युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचं. फक्त एका "ए"कडे डोळ्यांत तेल घालून बघा. असोसिएट डिग्रीचे तीन प्रकार असतात: हा करार ए.ए. (आर्ट्स) आणि ए.एस. (सायन्स) डिग्रीला लागू आहे, ए.ए.एस.ला (अप्लाइड सायन्स) नाही. क्रिमिनल जस्टिसमध्ये ए.ए.एस. बऱ्याच ठिकाणी असते, ती थेट नोकरीसाठी. नावं इतकी सारखी की पोरं चुकीच्या खान्यात टिक करतात आणि दोन वर्षांनी आमच्या खिडकीशी येऊन रडतात.

पुढची दोन वर्षं ऑनलाइन हवी असतील तर ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी बघा. ती सरकारी आहे आणि नोकरदारांसाठीच १९७२ मध्ये काढलेली. क्लेप नावाच्या परीक्षा देऊन, वर्गात न बसता मिळवलेले क्रेडिटही धरते. पेन स्टेटच्या ऑनलाइन शाखेचं, वर्ल्ड कॅम्पसचं, प्रमाणपत्र कॅम्पसवाल्यांसारखंच असतं, फी मात्र आधी गुणाकार करून बघा. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांनी जॉन जे हे क्रिमिनल जस्टिसचं सरकारी कॉलेज सोडून दुसरीकडे बघायचं कारण नाही, रहिवाशांना क्रेडिटला ३०५ डॉलर.

विनायक

मी कोर्टात दुभाष्या आहे, प्रोबेशनवाल्यांशी रोज गाठ पडते. न्यू जर्सीत हे खातं पोलिसांकडे नाही, न्यायसंस्थेकडे आहे. इराच्या बाबांना हे जरूर वाचून दाखवा. तिथे बॅचलर्स लागते, मान्यताप्राप्त कॉलेजची. मला भेटलेल्यांपैकी निम्मे सायकॉलॉजी नाहीतर सोशल वर्कचे. इराने चार क्रेडिट स्पॅनिशचे घेतले तर पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडतील.

पोलिसात जायचं असेल तर हिशेब वेगळा. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२५ मध्ये कॉलेजची अट ६० क्रेडिटवरून २४ वर आणली. त्यासाठी कुणी ४७ हजारांचं कर्ज काढू नये. एफबीआयच्या एजंटाला मात्र सहसा पूर्ण बॅचलर्स आणि वर कामाचा अनुभव लागतो.

कर्ज काढलंच तर सरकारीच काढा. सरकारी नोकरीत १२० हप्ते नियमाने भरले की उरलेलं माफ होण्याची योजना आहे, खासगी कर्जाला ती नाही.

रोहिणी

आमचा मुलगा एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहे. त्यालाही हेच करायचंय, पण त्याचं मन फॉरेन्सिक लॅबमध्ये आहे.

अनघा

रोहिणी, दोन कडू गोष्टी. एच-४ वर फॅफ्साची, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी अर्जावर मिळणारी, मदत मिळत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना मिळते. न्यूयॉर्क पोलीस आणि एफबीआय दोन्हीकडे नागरिकत्व लागतं, म्हणून आधी ती तारीख मोजा. शिवाय लॅबसाठी ही डिग्रीच नाही. क्रिमिनल जस्टिस म्हणजे कायदा, समाजशास्त्र, तुरुंग, कोर्ट. मायक्रोस्कोपला हात लावायचा तर केमिस्ट्री नाहीतर बायॉलॉजी, आणि ती ऑनलाइन होत नाही नीट.

मेधा

मंडळी, खूप खूप आभार. शुक्रवारी मीच फोन उचलला. अनघाचं वाचून विचारलं, मान्यता कुणाची आणि न्यू जर्सीतली कुठली सरकारी युनिव्हर्सिटी तुमचे क्रेडिट घेते, ते ईमेलवर लिहून द्या. पलीकडे शांतता. मग चार मिनिटं संगीत. मग "सुपरवायझर फोन करतील."

इराने काउंटी कॉलेजात नाव घातलं. ए.एस. आहे, ए.ए.एस. नाही, मी चष्मा लावून दोनदा बघितलं. फॅफ्सा अडला होता, कारण त्यात आता आईबापांनाही स्वतःचं खातं उघडून संमती द्यावी लागते. विनायकदादांचं पत्र फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. काल रात्री ताक पिऊन झाल्यावर यांनी स्वतःहून लॅपटॉप मागितला.

त्या साइटचे फोन अजून येतात. आता हेच उचलतात आणि मराठीत बोलतात.

श्रीकांत

गणपतीच्या मोदकांचा आकडा कुणी कळवलाच नाही. २१० धरू का?